रशियन भाषा, रशियाचा क्षेत्राभ्यास आणि मराठी विद्यार्थी : एक आढावा

रशियात शिकायला जाणे, रशियन भाषा शिकायला जाणे आणि रशियाचा अभ्यास करायला जाणे या तीन गोष्टी मराठी बोलण्यात सर्रास एकच समजल्या जातात, आणि या विषयावर मिळणारा बराचसा सल्ला निरुपयोगी ठरतो तो याच गल्लतीमुळे. पहिल्या प्रकारात मोडतात ते मुख्यतः वैद्यकीय पदवीसाठी जाणारे विद्यार्थी. त्यांची संख्या इतर दोन्ही प्रकारांपेक्षा कितीतरी मोठी आहे, पण राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१च्या नियमांनी परदेशी पदवीसाठी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि इंग्रजी माध्यम आवश्यक ठरवल्यामुळे त्यांना रशियन लागते ती बहुधा रुग्णाशी बोलण्यापुरतीच. दुसरा प्रकार भाषा आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांचा आहे. तिसरा क्षेत्राभ्यासाचा, म्हणजे एखाद्या भूप्रदेशाची भाषा आत्मसात करून तिच्या आधारे त्या प्रदेशाचा इतिहास, अर्थकारण, राजकारण आणि समाज यांचा एकत्रित अभ्यास करण्याचा. ही विद्याशाखा दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आकाराला आली आणि कोलंबिया विद्यापीठातील १९४६ची रशियन संस्था हे तिचे आरंभीचे केंद्र होते. प्रस्तुत आढावा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचा आहे. त्या दोन्हींबाबत एक गोष्ट प्रथमच नोंदवली पाहिजे : मराठी भाषकांनी रशियन शिकली ती जवळजवळ नेहमीच दुसऱ्या कुणाच्या गरजेपोटी, कधी कारखान्याच्या, कधी संरक्षण खात्याच्या, कधी प्रकाशनगृहाच्या, रशियाविषयी स्वतःचे प्रश्न घेऊन तिथे गेलेला मराठी अभ्यासक आजही अपवादानेच आढळतो.

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातून, खोपोलीला लागून असलेल्या साजगावसारख्या गावातून, या प्रश्नाकडे पाहिले तर तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण रशियाचा आणि या प्रदेशाचा संबंध वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन १४७०च्या आसपास, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या पाव शतकापेक्षा अधिक काळ आधी, चौलच्या बंदरात उतरला आणि तिथून पालीमार्गे जुन्नरला व पुढे बहमनी राजधानी बिदरला गेला. त्याने नोंदवलेले पाली म्हणजे सुधागड तालुक्यातील आजचे पाली असे अनेक भाष्यकार मानतात, आणि ते ग्राह्य धरले तर भारताविषयी लिहिणारा पहिला ज्ञात रशियन माणूस साजगावपासून आजच्या रस्त्याने तासाभराच्या अंतरावर येऊन घाटाकडे वळला होता. रेवदंड्यात २००२मध्ये त्याचे स्मारक उभारण्यात आले, आणि त्यापूर्वी १९५७मध्ये त्याच्या प्रवासावर ‘परदेसी’ हा भारतीय-सोव्हिएत चित्रपटही निघाला होता. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखला जाणारा त्याचा वृत्तान्त मात्र मूळ भाषेत वाचू शकणारे मराठी वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. तो वाचण्यासाठी आधुनिक रशियनही पुरत नाही. त्याची भाषा जुनी रशियन असून तीत तुर्की, फारसी आणि अरबी शब्द व वाक्ये सर्रास मिसळलेली आहेत, कारण व्होल्गा आणि कास्पियन समुद्राच्या व्यापारी मार्गावर हीच मिश्र बोली चालत असे. रशियाच्या अभ्यासाला एकटी रशियन भाषा पुरेशी नाही, ही आज नव्याने मांडली जाणारी भूमिका या पंधराव्या शतकातील मजकुराने आधीच सिद्ध करून ठेवली आहे.

उलट दिशेचा, म्हणजे रशियनांनी केलेला मराठीचा आणि महाराष्ट्राचा अभ्यास मात्र पुष्कळ झाला आहे. तात्याना कातेनिना यांनी मराठी व्याकरणाची रूपरेषा रशियन भाषेत लिहिली आणि ती १९६३मध्ये मॉस्कोहून प्रसिद्ध झाली. इरिना ग्लुश्कोवा यांनी मराठी शिकून विठ्ठलभक्ती आणि पंढरीची वारी यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. (साजगावला कार्तिकीच्या सुमारास बोंबल्या विठोबाची यात्रा भरते आणि सुक्या मासळीचा मोठा बाजार हे तिचे वैशिष्ट्य असते, पंढरपूरच्या शुचितेच्या कल्पनांशी हा विठोबा कसा जुळवून घ्यायचा, हा परक्या अभ्यासकालाच सुचावा असा प्रश्न आहे.) या दोघींच्या तोलाचे रशियाविषयीचे, मूळ रशियन साधनांवर आधारलेले मराठी ग्रंथ शोधू गेल्यास यादी लवकर संपते. धर्मानंद कोसंबी १९२९च्या सुमारास लेनिनग्राडला गेले ते तिथल्या बौद्धविद्येच्या अभ्यासकांना पाली भाषेचे ज्ञान देण्यासाठी. तेथील विद्वान जे शिकू पाहत होते ते भारताचे होते, आणि शिकवणाऱ्यालाही रशियाचा अभ्यास हा स्वतंत्र विषय वाटावा असे तेव्हा वातावरण नव्हते.

त्यानंतरच्या मराठी लेखनात रशिया येतो तो प्रामुख्याने प्रवासवर्णनातून. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४०चे आहे, आणि अण्णाभाऊ साठे १९६१मध्ये मॉस्कोला जाऊन आल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. ही पुस्तके मराठी वाचकाने आवडीने वाचली आणि त्यांचे वाङ्मयीन मोल वेगळेच आहे. परंतु त्यांच्यामागे भाषेचा अभ्यास नव्हता, त्यामुळे यजमानांनी जे दाखवले त्यापलीकडे जाण्याचा मार्ग लेखकाजवळ नव्हता. मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात सप्टेंबर २०२२मध्ये अण्णाभाऊंचा पुतळा बसवण्यात आला, तेव्हा महाराष्ट्रात त्याचे कौतुक झाले ते योग्यच होते, पण त्याच ग्रंथालयात बसून काम करू शकतील अशा मराठी विद्यार्थ्यांची व्यवस्था काय, ही चर्चा त्या निमित्तानेही झाली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात रशियन भाषेला खरी मागणी आली ती यंत्रांबरोबर. भिलाईचा पोलाद कारखाना, १९५८मध्ये युनेस्कोच्या माध्यमातून आलेल्या सोव्हिएत साहाय्याने सुरू झालेली पवईची आयआयटी, नाशिकजवळ ओझरला मिग विमाने बांधणारा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना या सर्व ठिकाणी तांत्रिक कागदपत्रे रशियन भाषेत येत आणि ती उलगडून सांगणारे दुभाषे लागत. ‘इस्कस’ या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संघाचे वर्ग, मुंबईच्या पेडर रोडवरील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्र आणि विद्यापीठांचे विभाग या मागणीवर चालले. मॉस्कोची प्रोग्रेस आणि पुढे रादुगा ही प्रकाशनगृहे मराठीसह अनेक भारतीय भाषांत पुस्तके छापत, आणि अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांमुळे मराठी मुलांपर्यंत रशियन बालसाहित्य थेट रशियनमधून पोचले. टॉल्स्टॉय आणि दोस्तोयेव्हस्की मराठीत पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेने आले, हे लक्षात घेता ही कामगिरी लहान नव्हे. तथापि कोणते पुस्तक अनुवादायचे ते मॉस्कोत ठरे. सोव्हिएत संघ १९९१मध्ये कोसळला, त्याबरोबर ही प्रकाशनयोजनाही संपली आणि वर्गांतली गर्दी ओसरली, यावरून ती भाषेच्या ओढीने जमली होती की नोकरीच्या, हे कळून येते. पुढे गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन पर्यटक येऊ लागले तेव्हा काही काळ दुभाष्यांना पुन्हा काम मिळाले. रूबल घसरताच तेही आटले.

परदेशी विद्यार्थ्यांना शिकवण्याची सोव्हिएत पद्धत मात्र टिकून राहिली आहे. मॉस्कोत १९६०मध्ये लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले; त्याला पुढील वर्षी काँगोचे नेते पात्रिस लुमुंबा यांचे नाव देण्यात आले, १९९२मध्ये ते काढण्यात आले आणि २०२३मध्ये पुन्हा जोडण्यात आले. तिथे आणि इतर विद्यापीठांत परदेशी विद्यार्थी प्रथम वर्षभर पूर्वतयारी विभागात, ज्याला बोलीत ‘पोदफाक’ म्हणतात, केवळ भाषा शिकतो आणि नंतर रशियन विद्यार्थ्यांच्या वर्गात बसतो. ही व्यवस्था कठोर असली तरी परिणामकारक आहे. भाषेची पातळी ठरवणाऱ्या ‘टोर्फल’ या परीक्षेच्या सहा पायऱ्या असून पदवीच्या प्रवेशाला साधारणपणे पहिली प्रमाणपत्र-पातळी, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरील बी-१, अपेक्षित असते. बी-१ पातळीवर वर्तमानपत्रातील बातमी समजते. इतिहासाचा शोधनिबंध समजत नाही, मग अभिलेखागारातील हस्तलिखित टिपण तर दूरच. मानव्यविद्यांचा विद्यार्थी पहिल्या दोन सत्रांत गोंधळतो तो यामुळेच, बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे.

मराठी विद्यार्थ्याला या भाषेत काही बाबी अनपेक्षितपणे सोप्या जातात, आणि त्यांचा पुरेसा उपयोग करून घेतला जात नाही. रशियनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत, नामाआधी लागणारी इंग्रजीतली उपपदे नाहीत, आणि विभक्तीनुसार नाम बदलते तसे विशेषणही बदलते. ‘काळा घोडा’ हे ‘काळ्या घोड्याला’ होताना विशेषणाचे सामान्यरूप होते हे ज्याच्या जिभेवर बसलेले आहे, त्याला रशियन विशेषणांच्या सहा विभक्ती परक्या वाटण्याचे कारण नाही. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील दोन वेगळे ‘च’ रशियन लिपीत दोन स्वतंत्र अक्षरांनी दाखवले जातात, आणि इंग्रजी भाषक ज्यासाठी झगडतो तो पहिला ध्वनी मराठी मुलाला जन्मापासून येतो. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. बहुतेक क्रियापदांची पूर्ण आणि अपूर्ण क्रिया दाखवणारी जोडी असते, चालत जाणे व वाहनाने जाणे आणि एकदा जाणे व ये-जा करणे यांसाठी निरनिराळी क्रियापदे लागतात, आणि शब्दातील आघात कुठे पडेल याचा नेम नसल्याने स्वरांचा उच्चार बदलत राहतो. प्रचलित पाठ्यपुस्तके इंग्रजी भाषकाला समोर ठेवून लिहिलेली असल्यामुळे मराठीने आपसूक दिलेला फायदा शिकवण्यात वाया जातो. मराठी आणि रशियन यांची तुलना करून रचलेले एक चांगले प्रारंभिक पुस्तक तयार करणे हे कोणत्याही विद्यापीठाच्या आवाक्यातले काम आहे.

परदेशी जाण्यापूर्वी भाषेचा पाया इथेच घालता येतो, हा भाग फार थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात रशियन विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात मेघा पानसरे यांनी अध्यापन आणि अनुवाद या दोन्ही अंगांनी रशियनचे काम केले आहे, आणि पेडर रोडचे केंद्र आता रशियन हाऊस म्हणून वर्ग चालवते. साजगावच्या विद्यार्थ्याला खोपोली-कर्जत लोहमार्गाने मुंबई आणि घाट चढून पुणे, अशी दोन्ही बाजूंची सोय आहे, मात्र कोणत्याही बाजूचा वर्ग गाठायला दिवस मोडतो. क्षेत्राभ्यासाच्या बाबतीत मुंबई विद्यापीठाचे पूर्वीचे सोव्हिएत अभ्यास केंद्र, जे पुढे मध्य युरेशियाई अभ्यास केंद्र झाले, महाराष्ट्रात एकमेव महत्त्वाचे म्हणावे लागेल. तेथील अर्थतज्ज्ञ आर. जी. गिडधुबळी यांनी सोव्हिएत आणि नंतरच्या रशियन अर्थव्यवस्थेवर दीर्घकाळ लेखन केले, पण ते इंग्रजीतून झाले आणि मराठी वाचकापर्यंत फारसे उतरले नाही. दिल्लीत १९६५मध्ये स्थापन झालेली रशियन अभ्यास संस्था पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली, आणि आजही देशातील गंभीर विद्यार्थी बहुधा तिथूनच पुढे जातो.

कुठे जायचे, हा प्रश्न फेब्रुवारी २०२२ नंतर बदलला आहे. रशिया आणि युक्रेन यांच्यातील युद्धामुळे पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना रशियाचे दार जवळजवळ बंद झाले, भारतीयांना मात्र ते उघडे राहिले. ऑगस्ट २०२३पासून भारतीय नागरिकांना अल्पकालीन भेटीसाठी इलेक्ट्रॉनिक व्हिसाही मिळू लागला. रशियन सरकारची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची एकूण शिष्यवृत्ती-संख्या २०२३मध्ये ३०,००० करण्यात आली. या शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क माफ असते, भाषेचे पूर्वतयारीचे वर्ष समाविष्ट असते आणि वसतिगृह स्वस्तात मिळते, परंतु मासिक विद्यावेतन इतके तुटपुंजे असते की त्यावर राहणे शक्य नाही, आणि विमानप्रवास व विमा विद्यार्थ्यालाच पाहावा लागतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड-कंपन्यांनी मार्च २०२२मध्ये रशियातील व्यवहार थांबवल्यापासून घरून पैसे पाठवणेही किचकट झाले आहे. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशीयाला वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. निवासनोंदणीत हयगय झाल्यास दंड किंवा हकालपट्टी होऊ शकते. याहून गंभीर बाब म्हणजे नोकरी आणि शिक्षणाचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना रशियन सैन्यात ढकलल्याची प्रकरणे उघडकीस आली आणि मार्च २०२४मध्ये सीबीआयने त्याबाबत छापे घातले. विद्यापीठाचे निमंत्रणपत्र थेट विद्यापीठाकडून पडताळून न घेता दलालावर विसंबणे हा या परिस्थितीत निव्वळ बेजबाबदारपणा ठरतो.

भाषा आणि साहित्य शिकायचे असेल, तर या सर्व अडचणी धरूनही रशियाला पर्याय नाही. मॉस्कोची १९६६मध्ये स्थापन झालेली पुश्किन संस्था परदेशीयांना रशियन शिकवण्यातच मुरलेली आहे, आणि सेंट पीटर्सबर्ग, कझान किंवा तोम्स्क येथील जुन्या विद्यापीठांत इंग्रजीचा आधार कमी मिळत असल्याने भाषा लवकर वळते. समकालीन राजकारणाचा किंवा समाजाचा अभ्यास करायचा असेल तर तेवढ्याच स्पष्टपणे उलट सांगावे लागते. सैन्याची बदनामी करण्याविरुद्धचा मार्च २०२२चा कायदा, ‘परकीय हस्तक’ आणि ‘अवांछित संस्था’ ठरवण्याचे कायदे यांच्या छायेत मुलाखती घेणे किंवा पाहणी करणे हे संशोधकापेक्षाही त्याच्याशी बोलणाऱ्या स्थानिक माणसासाठी धोक्याचे आहे. अमेरिकेतील बार्ड महाविद्यालयाला २०२१मध्ये अवांछित ठरवल्यावर सेंट पीटर्सबर्गमधील त्याचा दीर्घकालीन संयुक्त अभ्यासक्रम तुटला, यावरून ही टांगती तलवार युद्धाच्याही आधीची असल्याचे दिसते.

पाश्चात्त्य विद्यापीठांनी आपले भाषावर्ग या काळात कझाकस्तान, किर्गिझस्तान, जॉर्जिया, आर्मेनिया अशा देशांत हलवले. ही सक्तीची सोय होती, तरी तिच्यातून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. किर्गिझस्तानात रशियनला अधिकृत भाषेचा दर्जा आहे आणि कझाकस्तानच्या सरकारी कामात ती कझाकबरोबर चालते, परंतु अल्माटी किंवा बिश्केकला रशियन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती साम्राज्याने आणलेली भाषा म्हणूनही कळते, आणि शेजारीच कझाक किंवा किर्गिझ शिकण्याची संधी असते. अमेरिकेतील या विषयाच्या सर्वांत मोठ्या विद्वत्संघटनेने २०२३च्या अधिवेशनाचा विषयच निर्वसाहतीकरण हा ठेवला, आणि सगळ्या प्रदेशाकडे मॉस्कोच्या नजरेने पाहण्याच्या सवयीवर तिथे टीका झाली. भारतीय विद्यार्थ्याला ही टीका पटायला वेळ लागू नये, तरीही भारतातील रशियाप्रेमाच्या जुन्या परंपरेमुळे ती बरेचदा पश्चिमेचा प्रचार म्हणून झटकली जाते, हे खेदाने नमूद करावे लागते. बिश्केकला वैद्यकीय शिक्षणासाठी भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने जातात; त्याच शहरात मध्य आशियाचा अभ्यास करणाऱ्यांची गणना त्यांच्या शेजारी करता येण्यासारखी नाही.

तिसरा मार्ग रशियाबाहेरच्या जुन्या केंद्रांचा आहे. लंडनची स्लाव्ह आणि पूर्व युरोपीय अभ्यासशाळा १९१५ची आहे. हेलसिंकीची अलेक्सांतेरी संस्था १९९६ची आहे. ग्लासगो आणि टार्टू यांच्या सहभागाने चालणाऱ्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाला युरोपीय संघाची इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती मिळत आली आहे. जपानमधील होक्काइदो विद्यापीठाचे स्लाव्ह-युरेशियाई संशोधन केंद्र मराठी विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटते, पण आशियाई देशाने रशियाचा अभ्यास स्वतःच्या प्रश्नांतून कसा उभा करावा याचा तो उत्तम नमुना आहे. या केंद्रांत पद्धतिशास्त्र पक्के होते, ग्रंथालये समृद्ध असतात आणि प्रश्न विचारायला मोकळीक असते. भाषेचा रोजचा सराव मात्र विद्यार्थ्याला वेगळा जुळवावा लागतो आणि खर्च रशियाच्या कित्येक पट येतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि कर्जत-खालापुरातील ठाकर व कातकरी वाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आदिवासी विकास विभागाच्या शिष्यवृत्तीचा मार्ग खुला आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज हे विषय वगळण्यात आले. हा निर्णय चुकीचा होता, परंतु रशियाच्या अभ्यासकाला तो अडवत नाही.

मराठी विद्यार्थ्याने रशियाविषयी कोणता प्रश्न घेऊन जावे, याचे एक उत्तर मॉस्कोच्या अभिलेखागारातच पडून आहे. १९१९ ते १९४३ या काळात चाललेल्या कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे कॉमिन्टर्नचे, दप्तर तिथल्या सामाजिक-राजकीय इतिहासाच्या सरकारी अभिलेखागारात आहे, आणि त्यात भारतविषयक कागदही आहेत. मुंबईच्या गिरण्यांतील १९२८चा संप आणि त्याच्या पाठोपाठ उभा राहिलेला मीरत खटला हे विषय त्या दप्तराशी थेट निगडित आहेत. गिरणी कामगारांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचाच भरणा होता; त्यांची पत्रके, गाणी आणि सभांतील भाषणे मराठीत होती, पोलिसांचे अहवाल इंग्रजीत, आणि मॉस्कोत त्यांच्याविषयी झालेली चर्चा रशियन, जर्मन व इंग्रजी अशा मिश्र कागदांत. कोलकात्याच्या संशोधकांनी या दप्तरातील निवडक कागद प्रकाशात आणले, त्याला आता पाव शतक झाले. मराठी बाजूची साधने आणि रशियन बाजूची साधने एकत्र वाचण्याचे काम अजून व्हायचे आहे, आणि ते करणाऱ्याला बी-२ च्या वरची रशियन, मोडीची तोंडओळख आणि परळच्या चाळीत काय बोलले जाई याची जाण या तिन्ही गोष्टी लागतील.